पहिले सहा धडे

६ ऑक्टो., सोमवार

पहिला धडा झाला. चोवीस मिनिटं, एका दमात. फळ्यापुढं उभे राहिले की येरोळकर सर अडुसष्ट वर्षांचे वाटत नाहीत. धडा संपला आणि मग खोकला आला, तो पाच मिनिटं थांबेना. वर्षाताईंनी पाणी आणलं. मी वायरी गुंडाळत बसलो, वर बघितलं नाही.

ऑपरेशन १२ नोव्हेंबरला, हैदराबादला. घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढणार. त्यानंतर सरांचा आवाज राहणार नाही. तोवर डॉक्टरांनी एक दिवसाआड अर्धा तास बोलायची मुभा दिलीय. तेवढ्यात दहावीची भूमिती चौदा धड्यांत बसवायची, असं सरांनीच ठरवलं. सोम, बुध, शुक्र. मधे दिवाळीची सुट्टी. शेवटचा धडा १० तारखेला. एक दिवस इकडचा तिकडं झाला तर एक धडा गेला.

वर्षाताई ही सरांची मुलगी, इथंच लातूरला शाळेत शिकवते. फोन तिचाच आला होता. "दत्तादादा, तुम्हीच या. बाबा दुसऱ्या कुणापुढं उभं राहायला तयार नाहीत." ज्या खेड्यांतल्या शाळांत गणिताला मास्तर नाही तिथं हे धडे द्यायचा तिचा विचार आहे. मला बोलावलं यात माझा मोठेपणा नाही. दहावीला गणितात आपटलो होतो, तेव्हा याच खोलीत, याच फळ्यापुढं सरांनी मला चार महिने बसवून घेतलं होतं. दुसऱ्या खेपेला पास होऊन निघालो. गणित विसरलो, खोली विसरलो नाही.

नांदेडहून मुद्दाम जुना, खांद्यावरचा मोठा कॅमेरा नेला. नव्या छोट्या कॅमेऱ्यांवर लग्नं निघतात, पण दारात उभं राहून फळ्यावरच्या एका अक्षरापर्यंत जायचं तर ही मोठ्या झूमची लेन्सच पाहिजे. अठरा वर्षं साथ दिली तिनं. खंडेनवमीला नुकतीच पूजाही झालीय.

८ ऑक्टो., बुध

दुसरा धडा. सर घरात एक शब्द बोलत नाहीत. शेजारी पाटी ठेवलीय, पेन्सिलीनं लिहितात, ओल्या फडक्यानं पुसतात. चहा पाहिजे, पंखा कमी कर, सगळं पाटीवर. आवाज फक्त फळ्यापुढं.

आज लेन्सनं छळलं. आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडायचं भोक, ऑटोवर होती. चित्र आपोआप उजळायचं, मग काळवंडायचं, परत उजळायचं. सर बाजूला झाले की नुसता काळा फळा, आत आले की पांढरा शर्ट, त्यामुळं होतंय असं वाटलं. ताईला म्हणलं, सरांना रंगीत शर्ट घालायला सांगा. सरांनी पाटी माझ्यापुढं धरली: "चौतीस वर्षं पांढराच घातला. पोरांना दिसत होतो."

शेवटी तपकिरी घातला, तोंड वाकडं करून. मोठा लाइट लावू देत नाहीत, उष्णतेनं घसा सुकतो. म्हणून आयरिस हातानं पूर्ण उघडली आणि तशीच ठेवली. चित्र स्थिर झालं.

१० ऑक्टो., शुक्र

तिसरा धडा. पायथागोरस. सरांनी काटकोन हातानं काढला, पट्टी घेतली नाही.

येताना लोह्याला बस थांबली तिथं उमरीचा बालाजी भेटला. तोही शूटिंगवालाच. मोबाईलवर त्याचं एक लग्न दाखवलं. नवरीचा चेहरा मऊ, धूसर, आणि मागचा मंडप टोकदार. चहाच्या टपरीवर चारजणांदेखत म्हणालो, "बालाजी, लग्न नवरीचं होतं का मंडपाचं?" सगळे हसले. तोही हसला, पण चहा अर्धा ठेवून गेला. मला सवयच आहे ही. कुणाच्याही घरी टीव्हीवर लग्न लागलं की आधी फोकस बघतो, नवरा-नवरी नंतर. बायको, सुनंदा, म्हणते, तुमच्यासोबत कुणाची कॅसेट बघायला बसायचं म्हणजे शिक्षा.

१३ ऑक्टो., सोम

चौथा. मधेच आवाज फाटला. सर थांबले, भिंतीला हात टेकला, तीन-चार श्वास घेतले आणि त्याच वाक्याच्या मधून पुढं सुरू. परत करू का म्हणून मी हातानं खूण केली. त्यांनी मान हलवली. परत म्हणजे परत आवाज खर्च.

१५ ऑक्टो., बुध

पाचवा. वर्तुळ. सर वर्तुळ एका झटक्यात काढतात, खांद्यातून हात फिरवून, आणि सुरुवात-शेवट बरोबर जुळतो. शाळेत आम्ही त्यावर पैज लावायचो. आज मी झूम आत नेऊन ती जुळणी धरली आणि हळूहळू मागं आलो, पूर्ण फळा आणि सर दिसेपर्यंत. असा शॉट वर्षातून एखादा जमतो. खूश होतो.

१७ ऑक्टो., शुक्र

सहावा. आता दिवाळीनंतर. निघताना सरांनी पाटीवर लिहिलं, "पहिला धडा कधी दाखवतोस?" म्हणलं, दिवाळीत एडिट करतो.

१८ ऑक्टो., शनि. नांदेड

काय लिहावं.

दुपारी पहिला धडा मोठ्या टीव्हीवर लावला. जवळचे शॉट चांगले. अक्षर अन् अक्षर, खडूची भुकटीसुद्धा दिसते. पण मागं आलो की सगळं मऊ. सर मऊ, फळा मऊ. आकृतीच्या रेषा ओल्या फळ्यावर काढल्यागत पसरलेल्या. टीव्हीचं सेटिंग बघितलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावलं. मग दुसरा धडा, तिसरा. सहाच्या सहा. बुधवारचा तो वर्तुळाचा शॉट, ज्याच्यावर खूश होतो, जुळणीपाशी टोकदार आहे आणि मागं येता येता विरघळत जातो.

आणि सर तर बहुतेक वेळ लांबच्याच शॉटमध्ये आहेत. बोट आकृतीवर ठेवून समजावतात, तेव्हा मी मागंच असतो.

व्ह्यूफाइंडरमध्ये कसं दिसलं नाही? तिथं कडा उठावदार दाखवायचं बटण आहे, ते मी पूर्ण चढवून ठेवतो, चष्मा लागल्यापासून. त्या दोन बोटांच्या पडद्यावर सगळंच धारदार दिसतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर एकदा बघायचं असतं. पहिल्या दिवशीच बघायचं असतं. हे मी दुसऱ्यांना सांगत हिंडतो.

बालाजीला फोन लावावा असं वाटलं. लावला नाही.

१९ ऑक्टो., रवि

सकाळी भिंतीवर फोकस तपासायचा चार्ट चिकटवला, काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचा. दहा फुटांवर कॅमेरा. आयरिस पूर्ण उघडी. झूम शेवटपर्यंत आत, फोकस केला, मधला ठिपका लख्ख. तसाच मागं आलो. पाकळ्या एकमेकींत मिसळल्या. म्हणजे बॅकफोकस गेलेला. लेन्सच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला जोडते तिथं, एक बारीक रिंग असते. ती जागेवर राहावी म्हणून एक स्क्रू असतो. बोट लावलं तर रिंग फिरली. स्क्रू नुसता टेकवलेला, आवळलेलाच नाही.

रिंगच्या खाचेत लाल. नखानं काढलं, कुंकू.

मग सगळं आठवलं. खंडेनवमीला आम्ही कॅमेरा, ट्रायपॉड, लाइट सगळं पाटावर मांडतो. सुनंदा हळदकुंकू लावते. यंदा बोट जरा जास्तच ओलं होतं, कुंकू रिंगमध्ये उतरलं. दुसऱ्या दिवशी मी स्क्रू सैल करून ब्रशनं काढलं, आत रिंग अडकत होती म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. तेवढ्यात धर्माबादहून साखरपुड्याच्या ऑर्डरचा फोन आला. बोलत बोलत पुसून पेटीत ठेवला.

सुनंदा पोळ्या करून राहिली होती. तिला सांगितलं. ती हात तसेच धरून बसली. "म्हंजे माझ्यामुळं झालं का?" म्हणाली. तिच्यामुळं नाही. ती दरसाल लावते. स्क्रू सोडणारा मी, न आवळणारा मी. तिला हे तीनदा सांगितलं तरी पोळी करपलीच.

२० ऑक्टो., सोम

मकबूलभाईंकडं गेलो. पंचवीस वर्षं लेन्सच दुरुस्त करतात, नांदेडात दुसरं कुणी उरलं नाही. त्यांनी बॅकफोकस माझ्यासमोर तीनदा जुळवला: आत जाऊन फोकस, बाहेर येऊन रिंग, परत आत. दोन्हीकडं टोकदार झाल्यावर स्क्रू आवळला आणि माझ्याकडं बघितलं.

मग पुढून टॉर्च मारून आयरिसची पाती उघडझाप करून दाखवली. दोन पाती मागं राहतात, मग झटका घेऊन येतात. तेल आत गेलंय, त्यात कुंकू. "ऑटो पे डाला तो यही नाचेगा." म्हणजे त्या दिवशी चित्र उजळत-काळवंडत होतं ते सरांच्या शर्टामुळं नव्हतं. मी सरांना तपकिरी शर्ट घालायला लावला.

त्यांनी दुसरंही दाखवलं. आयरिस पूर्ण उघडी होती म्हणून बॅकफोकसची चूक एवढी उघडी पडली. थोडा उजेड वाढवून आयरिस मधे, साडेपाचच्या आकड्याआसपास ठेवली असती तर बरंच झाकलं असतं. "अभी खोलना नक्को. खोल्या तो आठ दिन. तेरे सर का काम होने दे, आयरिस को बीच में रख, हाथ मत लगा." उठताना विचारलं, "सर को बोल्या क्या?"

नाही म्हणालो.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

सगळ्यांत फराळ केला. ध्यान नाही.

मांडून बघितलं. उरलेले धडे आठ. उरलेले दिवस आठ. सांगितलं तर सर पहिले सहा परत करतो म्हणतील, ओळखतो मी त्यांना. मग पुढचे सहा जातील, नाहीतर डॉक्टरांनी नको म्हणलेल्या दिवशी बोलतील. नाही सांगितलं तर सहा धडे असेच मुलांपुढं जातील. नुसता आवाज तरी चांगला आहे. आवाजावर भागेल का भूमिती?

२४ ऑक्टो., शुक्र

सातवा. बसमधून उतरल्या उतरल्या चार्ट लावला, आत-बाहेर करून तपासलं. आयरिस मधे. खिडकीचा पडदा काढून उजेड घेतला, लाइट नाही. ताईला म्हणलं, सरांना पांढरा शर्ट चालेल. सर आतून पांढऱ्या शर्टात आले, बटणं लावत, जरा हसल्यासारखे.

त्यांनी पाटी धरली: "पहिला धडा?" म्हणलं, दिवाळीत लग्नाची कामं निघाली, राहिलं. खोटं. दिवाळीत लग्नं कुठली असतात, तुळशीच्या लग्नाच्या आधी. सरांनाही माहीत आहे ते.

२७ ऑक्टो., सोम

आठवा. आवाज आता घोगरा झालाय, शेवटच्या पाच मिनिटांत शब्दाचं टोक ऐकू येत नाही. माईक गळ्याशी आणून बांधला. सरांनी परत पहिला धडा मागितला. हार्डडिस्क नांदेडला राहिली म्हणलं.

२८ ऑक्टो., मंगळ

दिवसभर सॉफ्टवेअरवर रेषा धारदार करत होतो. होत नाही. मऊ रेषेला नुसती पांढरी किनार येते, आणखी वाईट. संध्याकाळी सुनंदाला पुढं बसवलं आणि पाचवा धडा लावला.

"दिसतंय की सगळं," ती म्हणाली.

"मग वाच. आकृतीतली अक्षरं वाच."

ती पुढं सरकली. "हे B हाय का D?" थोड्या वेळानं, "हे P हाय, न्हाई, R." सर आवाजात म्हणत होते, "आता B पासून स्पर्शिका काढा." ती पडद्यावर B शोधत होती.

उद्या सांगायचं.

२९ ऑक्टो., बुध

धडा सुरू व्हायच्या आधी ताईला ओट्यावर बोलावून सांगितलं. सगळं. कुंकू, स्क्रू, तेल, व्ह्यूफाइंडर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला अठरा तारखेला कळलं, दादा. आज एकोणतीस आहे."

"हाव ताई."

"एवढे दिवस आम्ही तुम्हाला चहा देत होतो."

नंतर तिनंच डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही. ते परत करतो म्हणतील. काल रात्रभर उशीला टेकून बसले होते, झोपता येत नव्हतं. माझी शपथ आहे तुम्हाला."

नववा धडा झाला. दारात कॅमेऱ्यामागं उभा होतो. ताई आतल्या दारात. दोघांच्या मधे सर शिकवत होते आणि त्या खोलीत फक्त त्यांनाच ते माहीत नव्हतं. इतकी लाज मला नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

३१ ऑक्टो., शुक्र

सरांनी पकडलं.

सकाळी चार्ट लावून आत-बाहेर करत होतो. सर खुर्चीत बसून बघत होते. दहावा धडा झाला, बॅग भरायला घेतली, तेव्हा पाटी पुढं आली: "हा कागद लावून बघणं. पहिले सहा दिवस करत नव्हतास."

ताईकडं बघितलं. ती खिडकीकडं बघत होती. शपथ तिची होती. पण सरांपुढं खोटं बोलायचं तर आता तोंडच राहिलं नव्हतं. सांगितलं. लहान असताना सांगायचो तसं, हात मागं बांधून.

सरांनी लिहिलं: "सहाच्या सहा?"

"हाव सर."

"आवाज?"

"आवाज चांगला आलाय."

पाटी पुसली. फडक्यानं पुसली, मग बाहीनं, मग परत फडक्यानं. उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. साडेचारच्या बसनं आलो. अहमदपूरपर्यंत उभ्यानं.

२ नोव्हें., रवि

एक सुचलं. लग्नाआधीच्या प्री-वेडिंग शूटिंगला आम्ही स्पीकरवर गाणं लावतो, जोडी त्यावर ओठ हलवते, चालते, आवाज नंतर गाण्याचाच चढवायचा. सरांचा आवाज माझ्याकडं आहे, सहा धड्यांचा, स्वच्छ. तो स्पीकरवर लावायचा. सरांनी फक्त फळ्यावर काढायचं, बोट ठेवायचं. बोलायचं नाही. पाठमोरे राहिले तर ओठांचाही प्रश्न नाही. आवाज खर्च होत नाही, म्हणजे नेहमीचा धडा झाल्यावर दुपारी करता येईल.

ताईला फोन केला. "विचारते," म्हणाली. तासाभरानं मेसेज आला, सरांच्या पाटीचा फोटो: "म्हणजे मी नाचायचं? ये."

३ नोव्हें., सोम

अकरावा धडा सकाळी. जेवणानंतर पहिला धडा स्पीकरवर लावला. सर फळ्यापाशी, खडू घेऊन तयार. मी दारात.

आवाज सुरू झाला, "मुलांनो, वह्या काढा." सर हललेच नाहीत. त्यांनी स्वतःचा आवाज कधी असा ऐकला नव्हता, चौतीस वर्षांत. महिन्यापूर्वीचा आवाज तो, आत्ताच्या मानानं कितीतरी भरलेला. मी थांबवायला गेलो तर त्यांनी हात केला, चालू दे. खुर्ची ओढून बसले आणि पूर्ण चोवीस मिनिटं ऐकलं. आतून ताई आली, तीही उभी राहून ऐकत होती. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

परत लावलं. आता सर काढायला लागले. त्रिकोण झाला, समांतर रेषा झाली, आणि आवाज पुढं निघून गेला. हात मागं. आवाज म्हणतोय "आता हे गुणोत्तर बघा" आणि सर अजून नावं देतायत. दोनदा केलं. दोन्ही वेळा आवाज पुढं. सरांनी खडू ठेवला आणि पाटीवर लिहिलं:

"मी पळतोय. पहिल्या दिवशी भीती होती, धडा संपायच्या आत आवाज संपेल याची. मलाच गाठता येत नाही, पोरांना कसं येणार."

मी म्हणलं, मधे मधे आवाज थांबवून जागा करतो, एडिटमध्ये होतं. त्यांनी मान हलवली. पहिला बाजूला ठेवला. बाकीचे करू म्हणाले. म्हणजे लिहिलं.

५ नोव्हें., बुध

सकाळी बारावा. दुपारी दुसरा आणि तिसरा, स्पीकरवर. हे जमले. या दोन्हींत आवाज संथ आहे, भीती ओसरली असावी. तिसऱ्यात काटकोन काढताना हात आणि आवाज असे जुळले की मी झूमचं बटण दाबायचं विसरलो. लांबचा शॉट लगेच टीव्हीवर लावून बघितला. टोकदार. सरांनाही दाखवला. टीव्हीच्या एका फुटावर उभे राहून त्यांनी अक्षरांवर बोट फिरवलं, A, B, C.

७ नोव्हें., शुक्र

तेरावा. पंचवीस मिनिटांत आवाज चारदा गेला. दुपारी चौथा. चौथ्यात मूळ आवाज फाटला होता ती जागा आली, तेव्हा सर आपोआप थांबले, भिंतीला हात टेकला, तेवढेच श्वास घेतले. सांगितलं नव्हतं कुणी.

आज परतलो नाही. ताई म्हणाली, राहा. ओसरीवर झोपणार.

८ नोव्हें., शनि

पाचवा, सहावा झाले. वर्तुळ एका झटक्यात, जुळणी बरोबर. आत धरून मागं आलो. यावेळी कुठं विरघळलं नाही.

राहिला पहिला. आणि सोमवारचा चौदावा.

ताई आज माझ्याशी नीट बोलली. "दादा, अजून राग आहे माझा," म्हणाली, "पण पोळी खाऊन घ्या."

१० नोव्हें., सोम

शेवटचा अर्धा तास. सरांनी सकाळीच पाटी लिहून ठेवली होती: "आज पहिला. परत. बोलून."

ताई म्हणाली, "मग चौदावा राहील, बाबा." सरांनी लिहिलं, "महत्त्वमापन पोरं पुस्तकातून करतील. पहिला कळला नाही तर पुढचे बारा कशावर उभे करतील?"

मी चार्ट लावला. आत, बाहेर, आत, बाहेर. स्क्रूला हात लावून बघितला. आयरिस मधे. परत एकदा स्क्रू.

सर सावकाश बोलले. एवढं सावकाश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, एका वाक्यानंतर थांबायचे, जणू पुढं कुणी लिहून घेतंय. त्रिकोण. समांतर रेषा. P, Q. आवाज वाळू घासल्यागत, पण शब्द कळत होते. सतराव्या मिनिटाला आवाज गेला. तोंड उघडं, आवाज नाही. पाणी घेतलं. परत प्रयत्न केला. नाही. सिद्धतेच्या शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या.

ताई पुढं आली. सरांनी तिला हातानं मागं केलं आणि फळ्याकडं वळून उरलेल्या पायऱ्या लिहायला लागले. गप्प. नुसता खडूचा आवाज. प्रत्येक पायरीवर बोट ठेवायचे, वरच्या आकृतीत ती रेषा दाखवायचे, मग खालची पायरी. चार मिनिटं. मी हळूहळू मागं आलो, सर आणि पूर्ण फळा एका चौकटीत.

लिहून झालं. खाली दोन रेघा मारल्या. मग वळले, कॅमेऱ्याकडं नाही, कॅमेऱ्यामागं माझ्याकडं बघितलं, आणि कुठून आला कोण जाणे, उरलेला एवढासा आवाज आला.

"दिसतंय का रे दत्ता?"

"हाव सर. सगळं दिसतंय."

कॅमेरा तसाच चालू ठेवला.

१२ नोव्हें., बुध. नांदेड

सकाळी आठला आत नेणार होते. आता सव्वाचार. ताईचा फोन नाही.

पहिला धडा टीव्हीवर लावलाय. लांबून, जवळून, सगळं टोकदार. मकबूलभाईंना बोलावून दाखवला. ते पूर्ण बघून म्हणाले, "फोकस में कुछ नहीं बोलने का." बराच वेळ बसले, चहा घेतला नाही.

दोन गोष्टी ठरत नाहीत. ती चार मिनिटं. तिथं पहिल्या दिवसाचा आवाज चढवता येतो, शेवटच्या पायऱ्यांचा, घाईतला. ताई कदाचित चढवा म्हणेल. सरांना विचारायचं राहिलं. सुनंदा म्हणते, खडूचाच राहू द्या, लेकरं वाचतील की.

आणि शेवट. शूटिंगवाल्याचा आवाज कापायचा असतो, शिरस्ताच आहे तो, अठरा वर्षांत कधी ठेवला नाही. पण माझं उत्तर कापलं तर सरांनी विचारलेलं तसंच राहतं. सरांचं विचारणंही कापलं, तर दोन रेघांपाशी धडा नीट संपतो. भूमितीशी त्याचा संबंध नाही. आणि माझ्याकडं तरी सरांचा त्यानंतरचा आवाज नाही.

सकाळपासून तीनदा कापलं आणि तीनदा परत जोडलं. आत्ता जोडलेलं आहे.